बिनसांध्याची भिंत

५ सप्टेंबर

आई,

नमस्कार. रविवारी फोनवर आपण दोघंही बराच वेळ गप्प होतो. शेवटी तुम्ही "ठेवते" म्हणालात आणि मी "बरं" म्हणालो. त्याआधीच्या रविवारीही एवढंच बोलणं झालं होतं. तुमची मोठी लेक होती तोवर फोन तीच घ्यायची आणि मी शेजारी बसून ऐकायचो. ती सवय अजून मोडलेली नाही. लिहिताना मला जरा सुचतं, म्हणून लिहितो आहे.

धाकटीकडून कळलं की तुमच्या घरमालकांना डिसेंबरअखेर जागा रिकामी करून हवी आहे आणि तुम्ही तिच्याकडे जाणार की इकडे येणार, हे अजून ठरलेलं नाही. इकडे यावं असं मला वाटतं. मोठीच्या आजारपणात तुम्ही आठ महिने इथं राहिलात, घर तुमच्या ओळखीचं आहे. पुढची खोली तशीच आहे. खिडकीजवळची खुर्चीही मी हलवलेली नाही. मला कुणाला आग्रह करता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. हाच आग्रह समजावा.

तुम्ही येण्याआधी एक काम उरकून घ्यायचं म्हणतो. बाथरूमच्या भिंती. शॉवरच्या बाजूच्या टाइल्सचे सांधे काळे पडतात. मोठीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं की बुरशी अजिबात नको, तेव्हापासून मी जुना टूथब्रश घेऊन ते घासतो. आता घासायचं काही कारण उरलेलं नाही, तरी रविवार आला की हात तिकडे जातो. त्यापेक्षा सांधेच नकोत. हल्ली बिनसांध्याच्या भिंती करून मिळतात. मी दुकानांतून चौकशी केली. ॲक्रिलिकचे अखंड पत्रे मिळतात, मागच्या बाजूनं रंगवलेली काच मिळते, कृत्रिम दगडाची भिंतीएवढी लादी मिळते. शिवाय सिमेंटचा एक पातळ लेप निघाला आहे, तो जुन्या टाइल्सवरच देतात.

तुम्हाला यातलं काय बरं वाटतं आणि रंग कोणता आवडेल, ते कळवावं. वापरणाऱ्या माणसाच्या पसंतीनं व्हावं, असं माझं म्हणणं आहे.

तुमचा जावई

•

१४ सप्टेंबर

जावईबापू,

आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर इतकं बारीक कशाला? मला लिहिलंत की मुंग्यांना? प्रयोगशाळेत जन्मभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात, त्यातून हात सुटलेला दिसत नाही. पुढच्या वेळी मोठं लिहा. कागद वाचवून कुठं नेणार आहात?

फोनवर तुम्ही गप्प असता ते मला चालतं. पलीकडे कुणीतरी आहे एवढं कळतं. धाकटी मात्र म्हणते, "तुम्ही दोघं गप्प बसायला फोन कशाला लावता? आपापल्या घरी बसा की गप्प!"

यायचं म्हणाल तर माझ्या मनात तुमच्याकडेच यायचं आहे. धाकटी रागावेल, रागावू दे. तिच्याकडे सगळं नवंकोरं, चकाचक. तिच्या न्हाणीघरात मागच्या वेळी गेले तर नळ कुठला आणि भिंत कुठली याचा पत्ता लागेना. तुमच्याकडे तसं नाही. पण मग त्या न्हाणीघराला हात कशाला लावताय? मी येणार ती त्या न्हाणीघरासकट. टाइल्स चांगल्या आहेत. मोठीनं निवडल्या होत्या. त्या दुकानदाराला तिनं कसा घाम फोडला होता, ते मला आठवतं. सांधे काळे असेनात का. मी काय सांध्यांकडे बघत आंघोळ करणार आहे?

आणि मी पडले शिवणकाम करणारी. बिनसांध्याचं बिनशिवणीचं मला काय सांगता? कापडाला शिवण नसली तर ती चादर होते, अंगावर घालता येत नाही. शिवण आहे म्हणून बाही कुठं नि खांदा कुठं ते कळतं.

तेव्हा राहू द्या. प्रकृतीला जपा. दूध फाटलं तरी तसंच पिता असं धाकटी म्हणाली, ते बंद करा.

आई

•

२२ सप्टेंबर

आई,

नमस्कार. या वेळी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. तुमच्या मनात इकडे यायचं आहे हे वाचून बरं वाटलं. दोनदा वाचलं.

भिंतींचं काम मात्र टाळता येणार नाही. काल गवंडी येऊन गेला. त्यानं हातोडीच्या दांड्यानं एकेक टाइल वाजवून पाहिली. बऱ्याचशा आतून पोकळ वाजतात. सांध्यांतून पाणी मागं जातं आणि पलीकडच्या भिंतीला ओल येते. पलीकडची भिंत म्हणजे पुढच्या खोलीची, तुमच्या पलंगाच्या उशाकडची. तिथला रंग फुगला आहे. तुम्हाला ओल्या भिंतीशी झोपवून मी काळ्या सांध्यांची काळजी घेत बसणं बरोबर नाही.

टाइल्स मोठीनं निवडल्या होत्या, हे माझ्याही लक्षात आहे. तुमचं मन त्यामुळे अडत असेल तर ते मला कळतं. मलाही सोपं जाणार नाही. पण ती असती तर ओल बघून तिनंच मला आधी बोल लावला असता.

सोबत पार्सलमध्ये तीन नमुने पाठवत आहे. ॲक्रिलिक, काच आणि कृत्रिम दगड. काचेच्या कडा मी स्वतः घासल्या आहेत, तरी जपून हाताळा. लेपाचा नमुना अजून मिळालेला नाही. पाहून कोणता आवडतो ते कळवा, आणि रंगाचंही लिहा. मागच्या पत्रात रंगाचं राहून गेलं होतं.

दूध आता रोज तापवतो.

तुमचा जावई

•

१ ऑक्टोबर

जावईबापू,

पार्सल पोचलं. पोस्टमन म्हणाला, "आजी, विटा मागवल्यात की काय?" म्हटलं, जावयानं पाठवल्यात, सासूच्या डोक्यात घालायला.

आता ऐका. तो ॲक्रिलिकचा तुकडा टिचकी मारली की डब्यासारखा वाजतो. भिंत कशी मुकी असावी. तो नको. काच गार आहे आणि निसरडी आहे. तिच्यावर तळवा ठेवला की आपला हात वर आहे की खाली, तेच कळत नाही. ती तर अजिबात नको. दगड चांगला आहे, जड आहे, पण गुळगुळीत म्हणजे किती गुळगुळीत! इकडून तिकडे बोट फिरवलं तरी बोटाला काही सापडत नाही. तो मी शिवणाच्या कापडावर वजन म्हणून ठेवून घेतलाय, परत मिळायचा नाही.

रंग सगळेच बरे आहेत.

ओलीचं तुम्ही म्हणता ते खरं असेल. मग असं करा की, जुन्या काढा आणि टाइल्सच पुन्हा लावा. तशाच. त्याच मापाच्या, तेवढेच सांधे ठेवून, आणि खालची ओळ जिथून सुरू होते तिथूनच सुरू करून. पोकळ असतील तेवढ्या काढून नवीन लावल्या तरी माझी ना नाही. गवंड्याला सांगा, सासूबाईंचं डोकं फिरलंय.

खालच्या मजल्यावर एक इस्त्रीवाली राहायला आली आहे. चांगली आहे. संध्याकाळी वर येऊन बसते, इकडचं तिकडचं वाचून दाखवते. तिचं म्हणणं, तुम्ही फार शिस्तीचे दिसता. म्हटलं, नमुन्यावरून माणूस ओळखलंस.

आई

•

८ ऑक्टोबर

आई,

नमस्कार. त्या मापाच्या टाइल्स आता बनत नाहीत. चार दुकानं फिरलो. शेवटच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, एवढ्या लहान टाइल्स आता पाडलेल्या घरांतच सापडतील." आणि शिवाय सांधे आले म्हणजे पाणी आलंच. पोकळ टाइल्स काढून तिथं दुसऱ्या मापाच्या बसवल्या तर भिंत ठिगळं लावल्यासारखी होईल.

मी चारही प्रकारांचे तुकडे आठवडाभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवले, रोज ब्रशनं घासले आणि वर गरम पाणी ओतून पाहिलं. कामाची सवय, दुसरं काय. ॲक्रिलिकवर ओरखडे उठले. काच चांगली राहिली, पण तुम्हाला नको. दगडाच्या लाद्या भिंतीएवढ्या मिळतात खऱ्या, पण आमच्या जिन्याच्या वळणावरून वर चढणार नाहीत. लेपाला काही झालं नाही. त्याखाली आधी पाणी न झिरपणारा थर देतात, पोकळ टाइल्स काढून खड्डे भरतात, सांधे बुजवतात, मग पातळ पातळ थर देऊन घासतात आणि वर पारदर्शक वार्निशसारखं काहीतरी लावतात. कोपरेसुद्धा गोल करतात. बाकीच्या टाइल्स आत तशाच राहतात, काढाव्या लागत नाहीत. हे तुम्हाला कळवावंसं वाटलं.

गवंड्याचं म्हणणं, या कामात थांबायचं नाही. एक भिंत एका दमात झाली पाहिजे. मध्येच चहाला गेलं तर परत आल्यावर जिथून सुरुवात करावी तिथं रेघ उमटते आणि ती कायमची राहते. मी त्याला म्हटलं, मग चहा आधीच पिऊन घ्या. तो म्हणाला, "काका, तुम्ही बोलता कमी, पण मोजून बोलता."

लेपाचे तीन नमुने पाठवत आहे. मागच्या बाजूला चिठ्ठ्या लावल्या आहेत. यातला एक निवडा म्हणजे पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला काम सुरू करता येईल.

आणखी एक लिहायचं आहे. तुम्ही प्रत्येक वेळी भिंतीत काहीतरी खोट काढता. मी विचार करत होतो. तुम्हाला इकडे यायचंच नसेल, मोठीच्या मागं या घरात राहणं जड जात असेल आणि मला वाईट वाटू नये म्हणून भिंतीचं निमित्त होत असेल, तर स्पष्ट सांगा. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते मी बघून घेईन.

तुमचा जावई

•

१९ ऑक्टोबर

जावईबापू,

तीन तुकडे मिळाले. हाताला चांगले लागतात. थोड्या वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे, गारही नाहीत आणि गरमही नाहीत. पण तिन्ही अगदी सारखेच आहेत, मग तीन कशाला पाठवलेत? दुकानदारानं गळ्यात मारले वाटतं.

तुमच्या पत्रातलं शेवटचं तुम्ही पुन्हा बारीक अक्षरात लिहिलंत. ते मला इस्त्रीवालीकडून वाचून घ्यावं लागलं. वाचता वाचता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मावशी, हे तुमच्या घरचं आहे, वाचू का?" मला लाज वाटली. असलं काही लिहायचं असेल तर मोठ्या अक्षरात लिहीत जा.

मला यायचं आहे. हे एकदाच सांगते. मोठी तिथं गेली म्हणून मला ते घर जड होत नाही. ती जिथं होती तिथंच मला बरं वाटतं. पण त्या न्हाणीघराच्या भिंती आहेत तशा राहिल्या तरच मला तिथं नीट राहता येईल. तशा राहणार नसतील, तर मग धाकटीकडे काय नि तुमच्याकडे काय, सारखंच. तिनं मला पलंगावर बसवायला जागा तयार ठेवलीच आहे.

का ते विचारू नका. म्हातारीचा हट्ट म्हणा. गवंड्याला थोडे दिवस थांबवा.

आई

•

११ नोव्हेंबर

आई,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, आणि मधले दोन रविवार मी फोनही केला नाही. काम चालू होतं. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं. सगळं पत्र मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, शेवटचंसुद्धा.

तीन तुकड्यांचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. एकच पाठवायला हवा होता. तिन्हींत फरक फक्त रंगाचा होता, आणि भिंतीला हात लावणाऱ्या माणसाला रंगाचं काय करायचं आहे? हे मला आधीच सुचायला हवं होतं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते घेऊन बराच वेळ बसलो होतो. मग तुमची आधीची पत्रं काढून पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक प्रयोग केला. वीज गेली तर या बाथरूममध्ये आपली काय गत होईल, असं मनात आलं, म्हणून डोळ्यांवर पंचा बांधून आंघोळ केली. पहिल्या दिवशी फजिती झाली. नळ सोडायला गेलो आणि शॉवर सुटला, तोही थंड. साबण म्हणून हातात आला तो सांधे घासायचा टूथब्रश. पण रोज करत गेलो तसं जमायला लागलं. दारातून आत आल्यावर डावा हात भिंतीला लावला की कमरेच्या उंचीवर एक आडवा सांधा लागतो. तो धरून गेलं की स्टूल येतं. तिथून पुढं सांधा सोडला नाही तर थंड पाण्याचा नळ येतो आणि त्याच्यापुढं गरम. इतकी वर्षं या बाथरूममध्ये मी आंघोळ करतो आहे. हे सांधे मी घासले ते डोळे उघडे ठेवून. मला त्यांचा काळेपणाच तेवढा दिसला.

साबणाच्या खालच्या टाइलचा एक कोपरा उडालेला आहे. तो मला माहीत होता, पण त्याला बोट लागलं ते पहिल्यांदाच. उडालेल्या टाइलला धार असते. या कोपऱ्याला नाही. तो चांगला गुळगुळीत झाला आहे. आपोआप कुठलाही कोपरा असा होत नाही.

यापुढचं मी काही विचारत नाही. काय केलं तेवढं सांगतो.

गवंड्याला बोलावलं आणि म्हटलं, भिंत बिनसांध्याचीच करायची, पण तिच्यात एक दोरी घालायची. पेन्सिलीएवढी जाड. आधी टाइलवर चिकटवायची आणि मग तिच्यावरून लेप द्यायचा, म्हणजे रेघ आत जाणार नाही, बाहेर फुगेल. पाणी साचायला खाच नको आणि हाताला मात्र लागली पाहिजे.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काका, लोक मला रेघ लपवायला बोलावतात. तुम्ही उमटवायला सांगताय?"

"हो."

"एवढी साफ भिंत करायची आणि तिच्यावर शीर आल्यासारखं दिसणार. शोभा जाईल."

"शोभा बघायला कुणी येणार नाही."

त्यानं टाइलवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "कुणासाठी आहे?" मी म्हटलं, घरच्यांसाठी. त्यानंतर मात्र त्यानं स्वतःहून डोकं लढवलं. सुती दोरी आतल्या आत सडेल, नायलॉनची घ्या, म्हणाला. जुना सांधा होता त्याच उंचीवरून दोरी नेली आहे, मी पंचा बांधून त्याला जागा दाखवली. आधी त्याला हसू आलं, मग त्यानंही माझ्याकडून पंचा मागून घेतला आणि एक फेरी मारली. दोरी दारापासून स्टुलापर्यंत आणि तिथून नळापर्यंत जाते. गरम पाण्याच्या नळाच्या अलीकडे दोरीला एक गाठ मारली आहे. गाठ लागली की पुढचं पाणी गरम. तिथून ती वर वळते आणि साबणापाशी संपते. साबणाची जागा बदललेली नाही. दोन्ही भिंती त्यानं एकेका दमात संपवल्या. चहा मी तिथं नेऊन दिला, त्यानं एका हातानं घेतला.

पलीकडची ओल सुकली आहे. तुमच्या उशाची भिंत रंगवून घेतली.

मोठीच्या आजारपणात बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून टाकली होती. ती परत बसवली आहे. आतून लावता येते. घट्ट बसली होती, तेल घालून सैल केली.

सोबत दोरीसकट लेपाचा एक तुकडा पाठवतो. एकच आहे.

तुमचा जावई

•

१८ नोव्हेंबर

जावईबापू,

तुमचं पत्र मी स्वतः वाचलं. सकाळच्या उन्हात, खिडकीत बसून, भिंग घेऊन. पाच पानं. इस्त्रीवाली आली तर तिला म्हटलं, आज तुझी गरज नाही. नंतर मात्र तिला सगळं मीच वाचून दाखवलं.

तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगते. मोठीच्या आजारपणातच सुरू झालं. मधलं दिसत नाही. माणसाकडे बघितलं की कान दिसतात, खांदे दिसतात आणि तोंड असायला हवं तिथं धूर. डॉक्टरांनी सांगितलंय, कडेकडेचं राहील, अगदी अंधार होणार नाही. तेव्हा घरात एवढं मोठं चाललं होतं, त्यात माझं काय सांगायचं? तुमच्या न्हाणीघरात मी सांधे धरून चालायला शिकले. तो कोपरा माझ्या बोटानं गुळगुळीत झालेला नाही, उगीच मोठेपणा देऊ नका. एकदा बोट कापलं, म्हणून मी नखं घासायच्या कानशीनं तो घासला. तुम्ही बाहेर दूध तापवत होतात.

मोठी गेल्यावर सांगायला हवं होतं. पण धाकटीला कळलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी मला आंघोळ घालायला बाई ठेवली असती. मायेनंच ठेवली असती. मला ते नको होतं. मोठी शेवटच्या दिवसांत मला म्हणाली होती, "आई, बाकी सगळं चालतं ग, पण आंघोळीला गेल्यावर दाराला कडी लावावीशी वाटते." तुमच्याबद्दल तिची तक्रार नव्हती, हे लक्षात ठेवा. ह्यांना पाणी बरोबर कळतं, असं म्हणायची. किती गरम, किती गार, सांगावं लागत नाही म्हणायची. पण तिचं दार लावायचं राहून गेलं. तेव्हापासून मी मनाशी ठरवलं होतं की माझं दार मी लावणार. जिथं मला भिंत माहीत आहे तिथंच ते जमणार होतं, आणि तीच भिंत तुम्ही लिंपायला निघालात! इतक्या चांगुलपणानं निघालात की मला तुमच्यावर ओरडताही येईना. काच काय, दगड काय, एकेक पार्सल यायचं आणि मी त्यावर बोट फिरवून सांधा शोधायचे.

तुम्ही कडीचं लिहिलंत तिथं मी भिंग खाली ठेवलं आणि जराशानं पुन्हा उचललं.

मोठी तुम्हाला घुम्या म्हणायची. आहातच तुम्ही घुम्या. विचारलं नाहीत, बोलला नाहीत, डोळ्यांना पंचा बांधलात आणि काम करून मोकळे झालात. मी हसले बाई! गवंड्याच्या डोळ्यांवर पंचा, तुमच्या हातात टूथब्रश. किती महिन्यांनी हसले, माहीत नाही. इस्त्रीवाली घाबरून वर आली.

धाकटीला काल सगळं सांगितलं. आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली, "भावजींना कसं कळलं?" म्हटलं, तू विचारलंस तर ते सांगतील असं वाटतं का तुला? तर नाक ओढत ओढत हसली. सामान बांधायला तीच येणार आहे आणि तीच मला गाडीत बसवून देईल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघते. दगडाचं वजन बरोबर आणते आहे.

तो दोरीचा तुकडा माझ्या उशाशी आहे. गाठीवर बोट ठेवते आणि स्वतःशीच म्हणते, पुढं गरम आहे हं. कसं छान शिवलंय! शिवण आत घेऊन बाहेरून अस्तर लावलंय. तुमच्या त्या गवंड्याला माझ्याकडून सांगा, तो शिंपी झाला असता तर पोटाला कमी पडलं नसतं.

फक्त रंग कोणता दिलात, ते लिहायचं विसरलात. मान तिरकी करून कडेनं बघितलं की मोठ्या भिंतीचा रंग मला अजून कळतो. आता मात्र लिहू नका. आल्यावर मी बघते, आणि चुकले तर तुम्ही सांगा.

या रविवारी फोन करू नका. पुढच्याही नको. आपल्याला गप्प बसायचंय ते आता एका खोलीत बसू.

आई